अडतिसावा मित्र

पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी कोणी शहाणा माणूस दोन वर्षांपूर्वीचा वाढदिवसाचा बॅनर उघडून पाहतो का? मयुरा दाणीचं उत्तर होतं, नाही. आणि इथंच तिचं चुकलं.

मयुरा सत्तावीस वर्षांची, नागपुरातल्या प्रताप नगरातलीच, चार वर्षं पुण्यात डेटाबेसचं काम करून घरी परत आलेली. डेटाबेस म्हणजे काय हे तिनं एकदा आईला समजावून सांगितलं होतं. माहितीचं कपाट, प्रत्येक वस्तूला एकच खण आणि प्रत्येक खणात एकच वस्तू. आई म्हणाली, "मग आधी आपल्या घरात कर ना." घरात ते जमलं नाही. पण घरापासून तीन गल्ल्या सोडून, मेडिकलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर 'आपली चौफुली' नावाच्या वेबसाइटचं ऑफिस होतं, आणि तिथं तिला नेमकं हेच करायला ठेवून घेतलं.

मालक ओमप्रकाशजींचा मूळ धंदा फ्लेक्स छापायचा. चौकात लटकतात ते. मध्यभागी गॉगल लावलेला एक मोठा चेहरा, त्याच्या डोक्यावर 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', आणि खाली शुभेच्छुकांचे छोटे छोटे चेहरे, रांगेनं, शाळेच्या वर्गाच्या फोटोसारखे. चार वर्षांपूर्वी ओमप्रकाशजींनी वेबसाइट काढली आणि नियम केला, की जो फ्लेक्स चौकात आठ दिवस लागेल तोच बॅनर वेबसाइटवर कायमचा राहील. लोकांना ही कल्पना फार आवडली. कायमचं असं काही मिळत असेल तर ते कोणाला नको असतं?

पण बॅनर झाले हजारो, आणि कोणता कोणाचा, कुठं लागला, किती जणांनी पाहिला याचा पत्ता कोणालाच लागेना. ते सगळं एका शिस्तीत बसवायचं, हे मयुराचं काम. तिला माहिती पुरवायला होते मारोतराव झाडे. बावीस वर्षं फ्लेक्सवर चेहरे बसवण्यात गेली होती त्यांची. कोणाचा चेहरा किती मोठा, कोणाच्या शेजारी कोण चालतो आणि कोण चालत नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं आणि डोक्याबाहेर कुठंही नव्हतं.

पहिल्याच दिवशी घोडं अडलं. मयुरानं विचारलं, "काका, हा बॅनर कोणाचा?"

"गोलूभाऊचा. कामठीचा."

"म्हणजे ग्राहक गोलूभाऊ."

"नाई. आपलाच वाढदिवस आपणच छापाले देईन का कोणी? ऑर्डर त्याच्या साळ्यानं देली."

"मग ग्राहक साळा."

"साळ्याचं नाव कुठी आहे त्याच्यावर? खाली लिवलं आहे ना, समस्त मित्र परिवार."

"मग ग्राहक मित्र परिवार?"

"त्याईले तर पत्ताच नव्हता," मारोतराव शांतपणे म्हणाले. "त्याईचे फोटो गोलूच घेऊन आला होता."

मयुरानं पेन खाली ठेवलं. पुण्यात तिनं बँकेचं काम केलं होतं, विम्याचं केलं होतं, पण ग्राहक कोण हे ठरवायला तिथं अर्धा दिवस कधी लागला नव्हता. घरी येऊन ती जेवता जेवता स्वतःशीच 'साळा, साळा' असं पुटपुटत होती आणि आईनं दोनदा विचारलं, की बरं वाटतंय ना.

शेवटी तिनं ग्राहकाचा नाद सोडला आणि माणसाला धरलं. एक तक्ता माणसांचा, एक बॅनरचा, आणि तिसरा हजेरीचा, म्हणजे कोणता माणूस कोणत्या बॅनरवर कितव्या क्रमांकावर आहे त्याचा. माणसाचा फोटो एकदाच ठेवायचा. तो दहा बॅनरवर असेल तर दहाही ठिकाणी तोच फोटो आपोआप लागेल, बदलला तर सगळीकडे बदलेल. जुनी अख्खी चित्रं ठेवायची गरजच नाही, बॅनर दर वेळी नव्यानं जुळून येईल. आता प्रश्न उरला माणूस ओळखायचा. नावावर जावं तर यादीत अकरा राजूभाऊ निघाले. म्हणून तिनं फळ्यावर लिहिलं, 'एक मोबाइल, एक माणूस', आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मारोतरावांनी ते वाचलं. त्यांचं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

मग महिनाभर ते आपल्या जुन्या रजिस्टरांतून एकेक चेहरा मयुराच्या फॉर्ममध्ये भरत राहिले. नाव, मोबाइल, फोटो. मोबाइलच्या रकान्यापुढं लाल चांदणी होती. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढं जात नसे. एका रविवारी दुपारी मयुरानं सगळी माहिती नव्या तक्त्यांत हलवली. व्यवस्थेनं सांगितलं, की दोन हजार तीनशे सोळा फोटो असे आहेत, ज्यांना माणूसच नाही. मारोतरावांनी एकेक फोटो दोन-दोनदा चढवला असणार, असं तिनं धरलं. तिनं ते 'बेवारस' नावाच्या फोल्डरमध्ये टाकले आणि ते फोल्डर जुन्या चित्रांसकट उडवलं. मग जागा मोकळी झाली या समाधानात सगळ्याची एक नक्कल काढून ठेवली. आधी नक्कल आणि मग साफसफाई, हे पोरंसोरं सुद्धा जाणतात. पण त्या दिवशी ती इतकी खूश होती, की क्रम उलटा झाला हे तिच्या लक्षातच आलं नाही.

त्याच आठवड्यात तिला ती पाच चाळीसची नोंद दिसली. बॅनर कोणी पाहिला, की एक ओळ पडते: तारीख, वेळ, बॅनर क्रमांक, फोनची खूण. गोलूभाऊंचा बॅनर रोज पहाटे पाच चाळीसला, एकाच फोनवरून, एकदा उघडला जात होता. मागं पाहत गेली तर गेलं जवळजवळ वर्षभर हेच. रविवारी नाही, दिवाळीत नाही असं काही नाही. आणि त्या साफसफाईनंतर तर रोज दहा वेळा, पंधरा वेळा, एकामागोमाग एक. गोलूभाऊंवर इतकं प्रेम कोणाचं असणं शक्य नव्हतं. म्हणजे हे कुठलं तरी यंत्र, उगाच आकडे फुगवणारं. पुढच्या सोमवारी तिनं त्या फोनला दार लावून टाकलं.

मंगळवारी अकरा वाजता यंत्र स्वतः जिना चढून आलं.

चाळिशीतली बाई, अंगात स्वेटर, हातात डब्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात काच तडकलेला मोबाइल. कामठीहून आलेली. नाव प्रेमिला धकाते. ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या यायले काहून काढलं?"

"कोणाला?"

"आधी तिथी गोलूभाऊचाच फोटो येत होता सगळीकडं. मले वाटलं, मोबाइल बिघडला. पुन्हा पुन्हा उघडून पाहत होती. अन् आता तर उघडतच नाई." तिनं मोबाइल पुढं केला. त्यावर लिहिलं होतं, 'आपल्याला हे पान पाहण्याची परवानगी नाही.' ते वाक्य मयुरानं स्वतः आदल्या दिवशी लिहिलं होतं, आणि ते तिला चांगलं सभ्य वाटलं होतं.

मयुराच्या डोक्यात काहीच नीट बसेना. तिनं आपल्या कॉम्प्युटरवर बॅनर उघडला. मध्यभागी गोलूभाऊ, गॉगल, गळ्यात साखळी. खाली शुभेच्छुकांतली पहिली बारा माणसं नीट, नावासकट. तेराव्यापासून पुढं गोलूभाऊ. गोलूभाऊ, गोलूभाऊ, गोलूभाऊ. एकोणतीस छोटे गोलूभाऊ एका मोठ्या गोलूभाऊला वाढदिवसाच्या शुभेच्छा देत होते.

मारोतरावांना हसू फुटलं. मग त्यांनी त्या बाईचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं.

"हा इथी होते ते," प्रेमिलानं पडद्यावर बोट ठेवलं. शेवटून चौथा. "अडतिसावे. मी मोजलं होतं."

तिचा नवरा शालिक लूमवर, यंत्रमागावर, कामाला होता. गेल्या डिसेंबरात छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. ती पहाटे सहाला एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जाते. निघायच्या आधी चहा पिताना रोज बॅनर उघडायची, त्याला पाहायची आणि निघायची. त्याचा दुसरा फोटो घरात नव्हता. आधार कार्डावरचा होता. "पण तो पाहून मायी पोरगी म्हणते, हे बाबा नाईत, हे कोणी पकडून आणलेले आहेत." या बॅनरवर तो हसत होता. येत्या रविवारी वर्षश्राद्ध होतं आणि तिला तोच हसरा फोटो मोठा करून फ्रेममध्ये लावायचा होता. फ्रेमवाल्यानं सांगितलं होतं, शनिवारी संध्याकाळपर्यंत आणा.

"तुम्ही मोबाइलमध्ये वेगळा काढून नाही ठेवला?" मयुरानं विचारलं, आणि विचारताच तिला स्वतःचीच लाज वाटली.

"कायमचा आहे म्हणे ना तुमच्याइथं," प्रेमिला म्हणाली. "मग कायले काढू?"

मयुरानं शोधायच्या चौकटीत 'शालिक धकाते' असं लिहिलं. पडद्यावर उत्तर आलं: 'या नावाचा माणूस सापडला नाही. नवीन नोंद करायची?' तिनं 'नाही' दाबलं. पुन्हा फक्त 'शालिक' लिहिलं. पुन्हा तेच उत्तर.

प्रेमिला पाणी पिऊन गेली. मयुरा तिला म्हणाली होती, "मी पाहते ना, मिळेल." कशाच्या भरवशावर म्हणाली, हे तिचं तिलाही कळलं नाही.

दुपारभर ती तक्त्यांमागं लागली. तिनं तर एकाही माणसाला हात लावला नव्हता. मग एकोणतीस माणसं गेली कुठं? आणि त्यांचे गोलू कसे झाले? ती जितकं खणत गेली तितका गुंता वाढत गेला. हजेरी बरोबर होती. क्रमांक बरोबर होता. अडतिसाव्या क्रमांकावर माणूस होता, आणि तो माणूस ठणठणीत गोलूभाऊ होता. शेवटी तिनं मारोतरावांचं जुनं रजिस्टर मागितलं. बॅनरचं पान काढलं. पहिल्या बारा जणांची नावं आणि नंबर होते. तेरापासून पुढं मारोतरावांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: मित्र, मित्र, मित्र. नंबराचा रकाना कोरा.

"काका, इथं तर नंबरच नाहीत. मग फॉर्ममध्ये काय भरलं?"

"गोलूचा."

"एकोणतीस जणांना गोलूचा नंबर?"

"मंग? तुमचा फॉर्म पुढंच जाऊन नव्हता राहिला," मारोतराव म्हणाले. "अन् आपल्यात तशीच पद्धत आहे वं पोरी. मोहल्ल्यातून जो फोटो घेऊन येते, त्याचाच नंबर सगळ्याईचा. काही चुकलं, कोणाचा फोटो उलटा लागला, तं त्यालेच फोन लावाचा असते. मागच्या लायनीतल्यांना कोण फोन करते?"

मयुरानं फळ्याकडं पाहिलं. एक मोबाइल, एक माणूस. व्यवस्थेनं प्रामाणिकपणे तेच केलं होतं. तीस जणांचा नंबर एक दिसला, म्हणून तीस जणांचा एक माणूस केला, आणि शेवटी भरलेला फोटो ठेवून घेतला. तो होता गोलूचा. बाकीचे एकोणतीस फोटो बेवारस झाले. दोन-दोनदा चढवलेले नव्हते ते.

"मग मी ते फळ्यावर लिहिलं तेव्हा तुम्ही बोलला का नाही?"

मारोतरावांनी फळ्याकडं बोट केलं. "तुमी दोन रेघा मारल्या होत्या," ते म्हणाले. "मले वाटलं, पक्कं असन."

मयुराला रागवायचं होतं, पण कोणावर तेच समजेना. चूक फॉर्मची होती, आणि फॉर्म तिचा होता. चूक मारोतरावांची म्हणावी तर त्यांनी बावीस वर्षं केलं तेच केलं होतं. तिनं काढलेली नक्कल साफसफाईनंतरची होती. सर्व्हरवाल्यांना फोन केला, तर ते जुन्या नकला सात दिवस ठेवत होते आणि आज नववा दिवस होता. फ्लेक्सच्या दुकानातली मूळ फाइल? मारोतरावांनी मान हलवली. फ्लेक्स उतरला, की फाइल उडवायची, नाहीतर कॉम्प्युटर भरतो. आणि ज्या फोनवर त्यांनी स्वतः शालिकचा फोटो काढला होता, तो फोन देऊन त्यांनी दिवाळीत नवा घेतला होता.

"तुम्ही काढला होता फोटो?"

"गोलूकडं चार-पाच जणाईचे नव्हते. मी गेलो होतो कामठीले. रांगेनं उभे केले अन् काढले." त्यांनी डोळे बारीक केले. "त्यातला कोणता शालिक, हे मले नाई सांगता येत. मी कोणाचं नावच नाई विचारलं."

दुसऱ्या दिवशी गोलूभाऊंचा फोन आला, मोठ्या उत्साहात. कोणीतरी त्यांना बॅनर दाखवला होता. "मारोतभाऊ, हे काय भारी केलं गा तुमी! सगळीकडं मीच! पोरं म्हणून राहिली, असं नागपुरात कोणाचं नाई." मारोतरावांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, की तो फ्लेक्स उतरवल्यावर कुठं गेला. गोलूभाऊंना माहीत नव्हतं. पोरांनी उतरवला. कोणीतरी मागून नेला. कोणी, ते आठवत नव्हतं.

मारोतरावांनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. "फ्लेक्स फेकत नाई कोणी," ते म्हणाले. "पाणी अडवाले त्याच्यासारखं काही नाई. कोणाच्या तरी डोक्यावर असनच तो."

दोन दिवस त्यांचे फोन चालले होते. मयुरा इकडं फॉर्म दुरुस्त करत होती. गुरुवारी तिनं मोबाइलपुढची लाल चांदणी काढून टाकली. नंबर कोरा राहिला तरी चालेल, असं व्यवस्थेला सांगितलं. मग फळ्यावरचं वाक्य पुसलं. त्या जागी काय लिहावं हे काही केल्या सुचेना. माणूस ओळखायचा कशावरून? नाव नको, नंबर नको, तर मग कशावरून? पुण्यातल्या तिच्या जुन्या साहेबांना फोन करून तिनं विचारलं, तर ते म्हणाले, आधार नंबर घे. तिला पकडून आणलेला तो माणूस आठवला आणि तिनं फोन ठेवला. फळा कोराच राहिला.

शनिवारी सकाळी मारोतरावांच्या स्कूटरवर बसून ती कामठीला गेली. थंडीनं कान दुखत होते. बसस्टँडवर प्रेमिला उभी होती, कामावरून तशीच आलेली, हाताला अजून पीठ.

अकरा वाजेपर्यंत त्यांनी सात फ्लेक्स पाहिले. एक शेळ्यांच्या गोठ्यावर होता, त्यावर कुठल्याशा कोचिंग क्लासची पहिली आलेली मुलं. एक कांद्याच्या ढिगावर. एक चहाच्या टपरीच्या मागं, त्यावर गोलूभाऊच होते, पण ते आदल्या वर्षीचे. मारोतराव प्रत्येकाचं टोक उचलून पाहत आणि 'हा नाई' म्हणत. आठवा सापडेना. संध्याकाळी फ्रेमवाला दुकान बंद करेल, उद्या पाट मांडला जाईल, आणि त्यावर तो पकडून आणलेला माणूस बसेल, तिच्यामुळे. तिला रडू येत होतं आणि प्रेमिलासमोर रडायचा आपल्याला हक्क नाही असंही वाटत होतं.

"कामाच्या जागी विचारलं का?" मारोतरावांनी प्रेमिलाला विचारलं.

"तिथी मी गेली नाई. ते गेल्यापासून." ती पायाकडं पाहत म्हणाली. मग म्हणाली, "चला."

लूमची शेड लांबून ऐकू आली. आत शिरल्यावर कोणाला काही बोलता येईना, सोळा माग एकाच वेळी खडखडत होते. हवेत सुताचा पांढरा धुरळा. एका म्हाताऱ्या विणकरानं प्रेमिलाला पाहिलं, हातातलं काम सोडलं, आणि जाऊन बटण बंद केलं. एकेक करत माग थांबले. त्या शांततेत मारोतरावांनी फ्लेक्सचं विचारलं.

म्हाताऱ्यानं वर बोट केलं.

शेडचे पत्रे एका कोपऱ्यात फुटलेले होते आणि तिथं आतून दोरीनं फ्लेक्स ताणून बांधला होता. छापील बाजू खाली. धुरळ्यानं सगळे चेहरे पांढरे झाले होते, पण मधला गॉगल ओळखू येत होता.

"शालिकनंच आणला," म्हातारा म्हणाला. "गोलूच्या पोराईले मागून. त्याच्या मागावर पाणी गळे ना. आमी म्हटलं, अरे छापील बाजू वर कर, पाणी सरकून जाते त्यावरून. तं म्हणे, वरून कोण पाहणार हाय, कावळे? खाली केली. अन् दोन दिवस दोऱ्या बांधत बसला, सोडे, बांधे, सोडे, बांधे. मंग समजलं, काहून ते."

त्यानं एका काठीला फडकं गुंडाळलं आणि शेवटच्या ओळीवरून फिरवलं. धुरळा खाली आला, सगळ्यांच्या केसांवर, प्रेमिलाच्या स्वेटरवर. अडतिसावा चेहरा बरोबर त्या मागाच्या वर होता, जिथं उभं राहून शालिक काम करायचा. मान वर केली, की समोर. वितीएवढा चेहरा, पुढचा एक दात तुटलेला, आणि हसू असं, की बाजूच्या माणसालाही थोडं लागलेलं.

"मले कधी बोलले नाईत," प्रेमिला म्हणाली. "घरी येऊन म्हणत, गोलूच्या बॅनरात मायाही फोटो हाय, सहज हाय. सहज म्हणत." तिनं पदर तोंडाला लावला आणि ती त्याच मागाला टेकून उभी राहिली. मान वर.

मारोतराव एकटक पाहत होते. "याले मी म्हटलं होतं, हास बा, फुकट आहे," ते म्हणाले. "आता आठवलं. हाच तो."

मयुरा स्टुलावर चढली. एखादा तरी नीट यावा म्हणून पाच-सहा फोटो काढले. मग तिनं सगळी ओळ काढली, मग वरची ओळ, मग सगळा फ्लेक्स. म्हाताऱ्यानं खालून ओरडून सांगितलं, "एकतिसावा मी हाय. डोळे मिटलेला." आणि मागच्या कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "मी सव्वीस!" फ्लेक्स काढून नेऊ का, असं कोणी विचारलं नाही. तो तिथंच राहणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं.

मारोतरावांनी स्कूटरच्या डिकीतून रजिस्टर आणलं. ज्या पानावर त्यांनी एकोणतीस वेळा 'मित्र' लिहिलं होतं, ते पान उघडलं, मांडीवर घेतलं आणि पेनचं टोपण दातांनी काढलं. "चला गा," ते म्हणाले. "एकेक जण नाव सांगा. पूर्ण. बापाच्या नावासकट."

मयुरानं आपल्या मोबाइलवर चौफुलीचं पान उघडलं. अडतिसाव्या क्रमांकावरून गोलूभाऊंना काढलं. तिथं रिकामी चौकट आली.

"ताई, यांचं पूर्ण नाव सांगता?"

"शालिक गोविंदा धकाते."

तिनं लिहिलं. फोटो लावला. मोबाइलचा रकाना कोरा सोडला, आणि व्यवस्थेनं तक्रार केली नाही. मग पडद्यावर नेहमीचीच अक्षरं आली. प्रेमिला वाकून, एकेक अक्षर लावत, ती मोठ्यानं वाचू लागली. "या नावाचा माणूस सापडला नाही." ती थांबली. हे वाक्य मयुरानं आधीच बदलायला हवं होतं.

पण प्रेमिलानं पुढची ओळही वाचली. "नवीन नोंद करायची?"

मग तिनं बोटाला लागलेलं पीठ पदराला पुसलं आणि 'हो' दाबलं.